मदत हवी आहे: दोघंही सिकलसेल वाहक, लग्न करावं का?
नमस्कार मंडळी, आम्ही चंद्रपूरकडचे. धाकट्या बहिणीची सोयरीक जवळपास पक्की झालीय आणि आता सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) रिपोर्ट आले, ती पण एएस, म्हणजे वाहक, आणि मुलगा पण एएस. म्हणजे दोघांना स्वतःला काही त्रास नाही, पण प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, निघायची शक्यता 25 टक्के, वाहक 50 टक्के, एकदम नॉर्मल 25 टक्के. घरचे म्हणतात चारातलं एकच होईल ना, पण तसं नसतं हो, दर वेळेला हिशोब नव्यानेच सुरू होतो, आमच्या आत्याची तर दोन्ही मुलं एसएस आहेत. थंडी पडली की मोठ्याचे गुडघे सुजतात, रात्रभर आत्या शेकत बसते, ते बघितल्यामुळे मला राहवत नाहीये. पोरगा खरंच चांगला आहे, दोघांची मनं जुळलीत, मोडा असं माझ्या तोंडून निघत नाही.

गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या आसपास वारेचा तुकडा घेऊन करतात म्हणे, ती नागपुरात कोणी केलीय का, खर्च किती आला, आणि मुळात आईबाबांना शांतपणे समजावून सांगणारे समुपदेशक कुठे भेटतील? स्वतः यातून गेलेल्यांनी प्लीज सांगा, साखरपुडा तोंडावर आलाय.