मदत हवी आहे: १९७२ च्या बेसबॉल सीझनमधला अर्ध्या सामन्याचा घोळ

अमेरिकन बेसबॉलमधल्या अटीतटीच्या सीझन्सवर मराठीत लेख लिहितोय, एका ठिकाणी गाडी अडलीये. १९०८ ला अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मुख्य लीगपैकी एक) डेट्रॉइट टायगर्स ९० विजय ६३ पराभव, क्लीव्हलँड ९० विजय ६४ पराभव, म्हणजे विजय सारखेच पण टायगर्सचा पावसात गेलेला एक सामना नंतर खेळवलाच नाही आणि तेवढ्यावर ते पहिले आले. पुढे नियम झाला की विजेतेपदावर परिणाम होणार असेल तर राहिलेला सामना खेळवायचाच. इथपर्यंत ठीक.

पण १९७२ ला पुन्हा तेच! एप्रिलमध्ये खेळाडूंचा संप, एकूण ८६ सामने रद्द, ते परत घेतलेच नाहीत, आणि त्याच लीगच्या ईस्ट डिव्हिजनमध्ये (पूर्वेकडच्या संघांचा गट) टायगर्स ८६-७०, बोस्टन रेड सॉक्स ८५-७०. बोस्टन एक सामना कमी खेळलं आणि अर्ध्या सामन्याने हुकलं. त्यात २ ऑक्टोबरला टायगर्सविरुद्धच बोस्टनचा अपारिसिओ तिसऱ्या बेसला वळून धाव पूर्ण करायला होमकडे निघताना घसरून पडला, वाचताना अजून जीव तुटतो.

दोन्ही वर्षांचे गुणतक्ते तपासलेत, अंतराचं गणित (विजयातला फरक अधिक पराभवातला फरक, भागिले दोन) येतं, वाइल्ड कार्ड (गटात पहिलं न येताही पुढच्या फेरीत जायची सोय) तेव्हा नव्हतं हेही माहितीये, त्यामुळे ते नको. संपावरचे बरेच लेख वाचले पण सगळे खेळाडूंच्या पेन्शनच्या पैशांवरच थांबतात.

मला एवढंच हवंय: रद्द झालेले सामने परत खेळवायचे नाहीत ही अट संप मिटवतानाच्या समझोत्यातच होती की लीगने नंतर वेगळी ठरवली, आणि १९०८ नंतरचा तो नियम तेव्हा कोणत्या आधारावर बाजूला ठेवला?