मदत हवी आहे: जुन्या टू-स्ट्रोक चेतकला कोणतं केसिंग बसवावं?

बजाज चेतक, टू-स्ट्रोक, १४५ सीसी, पॉइंटवाली (ठिणगी कॉन्टॅक्ट पॉइंटनं पडते, इलेक्ट्रॉनिक नाही), ६ व्होल्ट. क्रँक बेअरिंग फुटून तुकडे आत फिरले आणि केसिंगच्या (इंजिनचं दोन अर्ध्या भागांचं बाहेरचं कवच) क्लच बाजूच्या अर्ध्यातल्या रोटरी पॅडवर खोल चरे पडलेत. क्रँक अगदी जवळून, पण न घासता फिरतो आणि हवा अडवली जाते ती जागा हीच, त्यामुळे कार्बोरेटरमधून पेट्रोल उलटं उडतं. नवी बेअरिंगं आणि ऑइल सील टाकून पाहिली, कार्बोरेटर साफ केला, फरक शून्य. आर्गन वेल्डिंग करून लेथवर पॅड पुन्हा काढायचं, तर मशिनवाला भरवसा देत नाही. दोन्ही अर्ध्या भागांचं मशिनिंग जोडीनं होतं, म्हणून एकच अर्धा बदलायला मन धजत नाही.

आता समोर दोन वाटा: भंगारातली चेतकचीच जुनी जोडी, किंवा एलएमएल स्कूटरचं रीड व्हॉल्व्ह केसिंग (यात हवा पॅडऐवजी पातळ पाकळ्यांची झडप अडवते). रोजच्या वापराची गाडी आहे, रेसिंगचा किडा नाही. सिलेंडर आणि गिअर जुनेच ठेवायचेत. इंजिन नंबर केसिंगवरच असतो, तेव्हा आरसीवर बदलाची नोंद करून घेईनच, ती अडचण नाही.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांना विचारतो: एलएमएलच्या केसिंगमध्ये चेतकचा क्रँक आणि पॉइंटवाली मॅग्नेटो प्लेट (पॉइंट आणि वीज बनवणाऱ्या कॉइल जिच्यावर असतात ती) जशीच्या तशी बसते का? आणि जुनी जोडी घेतलीच, तर पॅड ठीक आहे हे दुकानातच कसं तपासायचं?