जर्मनीची ड्राय व्हाईट वाईन आणि आपलं जेवण, जमेल का?

सांगलीकर_८४:
नमस्कार मंडळी, मोठा भाऊ जर्मनीहून आलाय, येताना एक बाटली आणली. उंच निमुळती हिरवी बाटली, लेबलवर रिस्लिंग, मोझेल आणि ट्रॉकन असं लिहिलंय, अल्कोहोल १२ टक्के. रविवारी घरी सगळे जमणार, मटण तर होणारच, तांबडा-पांढरा दोन्ही, शिवाय काकांकडची मंडळी शाकाहारी. ही बाटली कशाबरोबर उघडावी? वाया जाऊ नये एवढंच वाटतं.

द्राक्षबागवाला_तासगाव:
चांगली वस्तू आणलीय भावानं. ट्रॉकन म्हणजे ड्राय, गोड नसलेली, लिटरमागे साखर जास्तीत जास्त ९ ग्रॅम. रिस्लिंग ही द्राक्षाची जात, मोझेल हा तिथल्या नदीकाठचा भाग, आणि मोझेलची रिस्लिंग म्हटल्यावर आंबटपणा चांगलाच तरतरीत असणार. आपल्याकडं उन्हात थॉमसन जातीच्या द्राक्षात साखर झपझप चढते आणि आंबटपणा उतरतो, तिकडं थंडीमुळं द्राक्ष सावकाश पिकतं म्हणून आंबटपणा टिकून राहतो. बागा नदीकाठच्या खड्या उतारावर, पाटीच्या दगडाच्या जमिनीत, ब्रेमजवळचा काल्मोंट नावाचा उतार तर काही ठिकाणी ६५ अंशांचा आहे, तिथं माणूस उभा राहून छाटणी कशी करतो देव जाणे, मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं.

मिरजेची_माई:
पांढऱ्या रश्शाबरोबर उघडा, डोळे झाकून. नारळाचं दूध, काजू, खसखस यांचा तुपकट जडपणा ती आंबट वाईन जिभेवरून धुऊन काढते आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. पण पांढऱ्यात मिरे जरा हात राखून घाला. नदीचा मासा मिळाला तर अजून उत्तम, मरळ किंवा रोहूचे तुकडे हळद-मीठ-आलं-लसूण लावून रव्यात घोळवून तळायचे, लिंबू पिळायची गरजच पडत नाही, ते काम वाईन करते. शाकाहारी मंडळींना कोथिंबीर वडी, अळूवडी (गूळ कमी घालून), सुरळीच्या वड्या द्या. गोडाबरोबर मात्र नको हं, श्रीखंड खाल्ल्यावर घोट घेतला तर नुसती आंबट लागते.

कराडचा_खवय्या:
आणि तांबड्याबरोबर का नको? आम्ही तर सगळ्याबरोबर घेतो.

मिरजेची_माई:
घ्या की, पण अल्कोहोलनं तिखटाची आग अजून भडकते आणि ड्राय वाईनमध्ये ती विझवायला गोडवा नसतो. झणझणीत जेवायचं असेल तर हाल्बट्रॉकन किंवा फाइनहेर्ब (म्हणजे किंचित गोडसर) लिहिलेली बाटली मागवा, नाहीतर मोझेलची गोडसर काबिनेट (हलक्या वाईनचा प्रकार), तिच्यात अल्कोहोल ८-९ टक्क्यांच्या आसपास असतं. ती तिखटाला खरंच सांभाळून घेते.

सांगलीकर_८४:
वा माई, म्हणजे आधी मासा आणि वड्या, मग पांढरा रस्सा, आणि तांबडा सुरू व्हायच्या आत बाटली संपवायची. थंड किती करू? आणि भाऊ म्हणतो कधीकधी रॉकेलसारखा वास येतो, खराब असते का मग?

द्राक्षबागवाला_तासगाव:
फ्रीजमध्ये दोन-तीन तास बास, ८ ते १० अंश. बर्फ घालू नका, चव पातळ होते. फ्रीजरमध्ये ठेवून विसरू पण नका. रॉकेलचा वास म्हणाल तर तो रिस्लिंगचाच गुण आहे, बाटली मुरली की येतो, ऊन जास्त मिळालेल्या द्राक्षात आणखी येतो, बरेच शौकीन त्यासाठीच जुनी बाटली शोधतात. खराब म्हणजे ओल्या पुठ्ठ्यासारखा नाहीतर व्हिनेगरसारखा वास. आणि तळाशी साखरेसारखे पांढरे खडे दिसले तरी घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार, आपल्या द्राक्षातपण तेच आम्ल असतं. शेवटचा घोट पेल्यात ओतताना बाटली हळू तिरकी करा, खडे खालीच राहतात.