चार्ली प्राइड गप्प राहिला म्हणून मोठा झाला?

तारसप्तक: काल इथे कुणीतरी लिहून गेलं, "प्राइडने वर्णभेदावर अवाक्षर काढलं नाही, म्हणून गोऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतला." रात्रभर डोक्यातून जाईना. प्राइड हा कंट्रीचा, म्हणजे अमेरिकन ग्रामीण संगीताचा, कृष्णवर्णीय गायक. मिसिसिपीतल्या स्लेजमध्ये कापूस वेचत वाढलेला पोरगा, घरात अकरा भावंडं. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये बेसबॉल खेळला, मोंटानात धातूच्या भट्टीवर राबला. १९६६ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने पहिली रेकॉर्ड रेडिओवाल्यांना पाठवली, ती फोटो न लावता. अजून किती सोसायला हवं होतं त्याने?

पेटीवाला: ते मीच लिहिलंय. कंपनीने चेहरा लपवला आणि याने लपवू दिला. त्याच काळात कृष्णवर्णीय गायिका नीना सिमोन मिसिसिपीचं नाव घेऊन वर्णभेदाविरुद्ध गात होती.

डॅलसकर: नीनाचे श्रोते कोण आणि याचे कोण? डेट्रॉइटला हा स्टेजवर आला आणि टाळ्या थांबल्या. आपल्या रंगाचा विषय त्यानेच हसत काढला आणि मग गायला. याला गप्प बसणं म्हणायचं?

पेटीवाला: हसत काढला, तेच खटकतं. आणि गाण्याचं म्हणाल तर नॅशव्हिलने, कंट्रीच्या रेकॉर्डिंगच्या त्या शहराने, कंट्रीचं वाटोळं केलं. व्हायोलिनचा ताफा, मागे कोरस! आरसीएच्या चेट ॲटकिन्सची कृपा. प्राइडला करारावर घेणाराही तोच.

तारसप्तक: प्राइडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स निर्माता जॅक क्लेमेंटच्या. फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमधली मैफल ऐका, लॉइड ग्रीनची पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलने तारा चढवायची आडवी गिटार, ऐका, मग बोला.

पेटीवाला: स्टील मला शिकवू नका. माझे वडील ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी गिटार, हातात लोखंडी पट्टी, मींड अशी की गाणारा मागे पडावा. पेडल हे त्यावरचं यंत्र!

डॅलसकर: पेडलने एक तार चढते, बाकीच्या जागेवर राहतात. पट्टी सरकवून सगळ्या तारा एकदम सरकतात. ग्रीन ती एक तार प्राइडच्या ओळीखाली हळूच चढवतो, शब्दावर कधीच येत नाही. तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण वाजवून बघितल्याशिवाय यंत्र म्हणू नका.

पेटीवाला: वडिलांपर्यंत जायचं कारण नव्हतं.

तारसप्तक: वडील तुम्हीच आणलेत! मूळ मुद्द्यावर या. १९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सर्वोच्च मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय तो. हे गप्प बसून मिळतं?

पेटीवाला: मिळाला, मान्य. मग त्याच्यामागून कोण आलं? १९८३ मध्ये त्याचं शेवटचं पहिल्या क्रमांकाचं गाणं. त्यानंतर एकट्याच्या नावावर तो क्रमांक मिळवणारा कृष्णवर्णीय कंट्री गायक थेट २००८ मध्ये, डेरियस रकर. पंचवीस वर्षं! तो बोलला असता तर दार उघडं राहिलं असतं.

डॅलसकर: दार रेडिओवाल्यांच्या ताब्यात होतं. कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक डीफोर्ड बेलीला ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाने १९४१ मध्ये काढलं, तेव्हा प्राइड सात वर्षांचा होता. तोही त्याचाच दोष का?

पेटीवाला: बेलीचा मुद्दा घेतो. फोटोचा सोडत नाही.