कासवांच्या गेममधलं करंट मारणारं गवत: कुणी पार केलंय का?

डोनाटेलो_पूर्वभाग

प्रश्न तीस वर्षं जुना आहे, हसू नका.

९६-९७ साल असेल. आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावरच्या एका स्टॉलवर मामानं निंजा कासवांच्या व्हिडिओ गेमची कॅसेट घेऊन दिली. ९९९९-इन-वनवाली नव्हे, एकच गेम असलेली, आणि स्क्रीनवर सगळं जपानी. खाली यंत्रमाग चालायचे, त्यामुळे म्युझिक कधी धड ऐकू आलं नाही.

कासवं चार आणि आम्ही पोरंही चार, म्हणून प्रत्येकानं एकेक वाटून घेतलं. कॅसेट माझी, म्हणून लांब काठीवाला डोनाटेलो माझा. ज्याचं कासव मेलं तो उठून घरी जायचा.

दुसऱ्या टप्प्यात धरणाच्या पाण्यात उतरावं लागतं. तिथं एका चिंचोळ्या बोळात वरून-खालून गवत वाढलंय आणि ते तडतडत असतं. नुसतं घासलं तरी शक्तीची पट्टी सर्रकन खाली. आम्ही समजायचो, हे गवत मारायचं असतं. पाण्यात हत्यारच निघत नाही हे कळायलाच दोन सुट्ट्या गेल्या. वर नेमकं त्याच वेळी आई ओरडायची, "नळाला पाणी आलंय बे, घागरी लाव!" चार दिवसांनी आलेलं पाणी, कंट्रोलर टाकून पळावंच लागायचं.

आता भाच्याला तोच गेम मिळालाय. तिथंच अडकलाय आणि माझ्याकडे बघायलाय. ते गवत मारता येतं का? नसेल तर न चिकटता जायचं कसं?

आठ_बिट_आठवणी

मारता येत नाही. शत्रू म्हणण्यापेक्षा भिंतच समजा, फक्त करंटवाली.

तुमच्याकडे होती ती १९८९ची कोनामी कंपनीची जपानी आवृत्ती. त्या पाण्यात आठ बॉम्ब निकामी करायचे असतात, वेळ २ मिनिटं २० सेकंद. हे न कळता तुम्ही नुसतं गवताशी झुंजत होता, म्हणजे कमालच.

युक्ती बोटात आहे. बटण दाबलं की कासव वर जातं, सोडलं की बुडतं. पोरं घाबरून बटण बडवत सुटतात, कासव वरच्या गवतात घुसतं, मग हात सोडतात तर खालच्यात. हलकं, टिचकी मारल्यासारखं दाबायचं आणि मधोमध राहायचं. घाई केली की संपलं, आणि घड्याळ तर घाईच करायला लावतं. म्हणूनच ती जागा एवढी बदनाम आहे.

दुसरं म्हणजे स्टार्ट दाबून कासव बदलता येतं, प्रत्येकाची पट्टी वेगळी असते. पाण्यात हत्याराचा उपयोग नाही, तेव्हा आखूड हत्यारवाला राफेल आधी उतरवा. पट्टी संपत आली की मायकेलँजेलो. डोनाटेलो पुढच्यासाठी जपून ठेवायचा.

वनस्पती_मास्तर

गेममध्ये मला गती नाही, पण 'गवत' शब्दावर थांबलो. सगळे त्याला सी-वीड म्हणतात. सी-वीड म्हणजे समुद्री शैवाल, शास्त्राप्रमाणे ती पुरती वनस्पतीसुद्धा नव्हे. मग ते धरणात कसं? गेममधलं धरण न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर दाखवलंय म्हणे. त्या नदीत समुद्राची भरती बरीच आत शिरते, तेवढी सूट देऊ. करंट मात्र कुठलीच वनस्पती मारत नाही. पाण्यात झटका देतात ते मासे. दक्षिण अमेरिकेतल्या ईलचा ८६० व्होल्टपर्यंत मोजलाय. झाडासारखं दिसून डंख मारणारं हवं असेल तर सी-अनिमोन, पण तो प्राणी.

आपल्या संभाजी तलावातली जलपर्णी निदान वर तरंगते आणि कुणाला चावत नाही. काढून काढून माणसं दमतात, एवढंच.

कन्ना_चौक

मास्तर, लई भारी 😄

डोनाटेलोभाऊ, भाचा नवीन काउबंगा कलेक्शन (जुन्या कासव-गेमचा संच) खेळत असेल तर त्यात रिवाइंड आहे की. चिकटला की मागं घ्यायचं. आणखी एक, आपले जुने गेमचे डबे पीएएल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीचे, ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० चित्रं) चालायचे. जपानी मशीन ६०वर. म्हणजे तुम्हाला सगळंच जरा सावकाश मिळत होतं. तरी मेलात.

डोनाटेलो_पूर्वभाग

"तरी मेलात" हे काळजाला लागलं बे.

रिवाइंड आहे, पण भाच्याला मी बंद करायला लावलं. बहिणीनं मला वेड्यात काढलं. रविवारी बसलो. टिचकीची युक्ती लागू पडली. बोळातून निघालो तेव्हा राफेलची पट्टी जेमतेम उरली होती. शेवटच्या बॉम्बपाशी तो गेलाच. उरलेलं मायकेलँजेलोनं केलं. आठही बॉम्ब, घड्याळात ११ सेकंद शिल्लक. डोनाटेलो कोरडाच्या कोरडा.

लहानपणी हे सुचणं शक्यच नव्हतं. 'तुझं कासव आधी मरू दे' असं कुणाला सांगणार? ज्याच्या वाट्याला राफेल होता तो आता पुण्यात असतो. त्याला फोन करून सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तीस वर्षांनी गड्या, आणि तरी मलाच घातलास का बे पाण्यात?"