एफयूई, एफयूटी की डीएचआय? नागपुरात कोणी हेअर ट्रान्सप्लांट केलं असेल तर सांगा

मनीषनगरवाला
नमस्कार मंडळी. वय २७, मिहानमध्ये जॉब. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेले आणि आता टाळूवरही विरळ होऊन राहिले. बाबांना आणि मामांना पूर्ण टक्कल आहे, म्हणजे माझं काय होणार ते दिसतंच आहे. घरी मुली पाहणं सुरू झालंय, आई म्हणते उन्हाळ्यात लग्न धरू, त्याच्या आधी काय ते करून टाक. धंतोली-रामदासपेठेतल्या क्लिनिकांत जाऊन आलो तर प्रत्येकाचं वेगळंच. कोणी म्हणते एफयूटी आता जुनं झालं, कोणी म्हणते डीएचआयच घ्या, दाट येतात, एका ठिकाणी तर सफायर एफयूई म्हणून रेट सांगितला तो ऐकूनच मी उठलो. ३५०० ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके) एका दिवसात लावून देतो म्हणे. पैसे साठवलेत पण हा खर्च काही पुन्हा पुन्हा होणार नाही. नेमका फरक काय आहे?

सदरकर
भाऊ, मी एफयूई केलं आहे म्हणून सांगतो. मागच्या भागातून केस काढायच्या पद्धती मुळात दोनच. एफयूटीत कानामागून कानापर्यंत कातडीची एक बारीक पट्टी कापून काढतात, टाके घालतात आणि त्या पट्टीतून मायक्रोस्कोपखाली ग्राफ्ट वेगळे करतात. एफयूईत मागचे केस मशीनने बारीक करून साधारण १ मिमीच्या किंवा त्याहून बारीक पंचने एकेक ग्राफ्ट काढतात. डीएचआयमध्येही केस निघतात ते एफयूईनेच, फक्त लावताना चोई पेन म्हणजे पेनासारखं अवजार वापरतात, आधी चीर देऊन मग चिमट्याने बसवायच्या ऐवजी पेनने एकदमच आत जातो. सफायर म्हणजे तर फक्त चिरा द्यायचं ब्लेड आहे, बाकी सगळं एफयूईच. त्यामुळे नावाचे जास्तीचे पैसे देण्याआधी त्यांना विचारा की काढण्यात फरक आहे का लावण्यात.

आणि एक, रेट ग्राफ्टचा आहे का केसांचा ते लिहून घ्या. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात, काही जण केस मोजून मोठा आकडा सांगतात.

जुनी_शुक्रवारी
एफयूटी जुनं झालं हे मला पटत नाही. मी तेच केलं आणि पुन्हा विचारलं तरी तेच सांगीन. मी केस बऱ्यापैकी वाढवतो त्यामुळे मागची रेघ झाकून जाते, न्हाव्याशिवाय कोणाला माहीत नाही. मागून सगळं डोकं भादरावं लागलं नाही हे माझ्यासाठी मोठं होतं. त्रास आहे, खोटं कशाला बोलू, टाके निघेपर्यंत मान खाली घातली की मागून ताण बसते, झोपताना कूस बदलायला जीव नको होते, आणि जिमचं वजन बरेच दिवस बंद. पण तुम्ही साईडने झिरो मशीन मारत असाल तर एफयूटीच्या वाटेला जाऊ नका, रेघ दिसणारच. जखमेचे वण फुगतात अशी कातडी असेल तरी नको. एफयूईतही वण राहतात बरं का, बारीक पांढरे ठिपके, फक्त विखुरलेले असतात म्हणून डोळ्यात भरत नाहीत.

ओटीतली_ताई
मी अशा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम केलेलं आहे. पद्धतीपेक्षा मी हे पाहीन की हात कोणाचा आहे. डॉक्टर पुढची हेअरलाइन आखून देतात, भूल देतात आणि मग दुसऱ्या पेशंटकडे, काढणं लावणं सगळं ओटीतल्या मदतनीस पोरांच्या भरवशावर, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. घाईत पंच तिरपा गेला की मूळच कापलं जाते, तो केस गेला म्हणून समजा, मागेही नाही आणि पुढेही नाही. निघालेले ग्राफ्ट गार सलाईनमध्ये ओले राहिले पाहिजेत. धानाचे परे उपटून बांधावर उन्हात टाकले आणि मग रोवणी केली तर किती जगतील, तसंच आहे हे. म्हणून ३५०० एका दिवसात म्हटलं की विचारा, काढणारे किती जण, लावणारे किती, आणि डॉक्टर ओटीत किती वेळ. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननेही सांगून ठेवलंय की वर्कशॉपमध्ये नाहीतर यूट्यूबवर पाहून हे शिकता येत नाही. डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन तपासाच.

दुसरं, मागचे केस मर्यादित आहेत, काढले तिथे पुन्हा येत नाहीत. तुमचं वय २७ आणि घरात पूर्ण टक्कल. आज सगळे पुढेच लावून टाकले आणि पाचसात वर्षांनी मागची टाळू मोकळी झाली तर तिथे लावायला काय राहील? पुढे लावलेले तसेच राहतील आणि मागे टक्कल, ते फार विचित्र दिसते. हेअरलाइन पण फार खाली आणू नका हो, सोळा वर्षांच्या पोरासारखी.

मनीषनगरवाला
ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं मला, सगळे फक्त ग्राफ्टचा आकडा सांगत होते. मग औषधं आधी घ्यावी का? केसगळतीच्या फिनास्टेराइड गोळीबद्दल इतकं उलटसुलट वाचलं की भीती वाटून राहिली. आणि लग्नाच्या आधी होईल का हे?

स्किन_रेसिडेंट_नागपूर
औषध आधी, आणि ट्रान्सप्लांटनंतरही, कारण लावलेले केस टिकतात पण बाजूचे मूळचे गळतच राहतात. फिनास्टेराइड १ मिग्रॅ रोज, जोडीला डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल ५ टक्के, असं साधारण देतात. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांमध्ये लैंगिक तक्रारी होतात, मूडवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून मेडिकलवरून स्वतःच आणून सुरू करू नका, तपासून घ्या. घेत असताना रक्तदान करायचं नाही, बंद केल्यावरही महिनाभर नाही. निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर घेऊन पाहा, गळती थांबली की किती ग्राफ्ट लागतील ते नीट कळेल. कदाचित कमीच लागतील.

लग्नाचं म्हणाल तर आत्ता ऑपरेशन करू नका. लावलेले केस पहिल्या दीडदोन महिन्यांत बहुतेक गळून पडतात, त्याच मुळांतून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे दिसायला लागतात, पूर्ण रिझल्टला वर्ष जाते, टाळूवर त्याहूनही जास्त. म्हणजे नेमकं फोटोच्या वेळी आहे त्याहून वाईट दिसेल. मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या स्किन ओपीडीत आधी दाखवा, तिथे कोणाला पॅकेज विकायचं नाही.

मनीषनगरवाला
ठीक आहे, या आठवड्यात मेडिकलच्या ओपीडीत जातो. आईला सांगतो लग्नाआधी नाही म्हणून. पुढच्या वर्षी करायचं ठरलं तर कोणत्या महिन्यात बरं पडेल? मी रोज वर्धा रोडने बाईकवर जातो.

सदरकर
दिवाळीनंतर करा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात आणि घामात ताज्या डोक्याला फार त्रास होते. हेल्मेट पहिले दोन आठवडे तरी नाही, डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, आणि बिना हेल्मेटची बाईक चालवायचीच नाही. तोपर्यंत मेट्रोने जा, खापरीपर्यंत जातेच.