मदत हवी आहे: ऑइल पोर्ट्रेटसाठी कॅनव्हास आणि सावलीचा रंग

आजेसासूबाईंचं पोर्ट्रेट ऑइलमध्ये करतेय, 18×24 इंच, फोटोवरून. गव्हाळ वर्ण, खिडकीतून एकाच बाजूने उजेड.

तयार ताणलेला कॉटन कॅनव्हास घेतला, त्याची वीण जाड आहे. पापणीची कड, ओठांचा कोपरा अशा जागी रेघ तुटते. वर जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) आणखी हात देऊन पॉलिश पेपर मारला. पृष्ठभाग गुळगुळीत झाला, पण आता तो रंगातलं तेल शोषतोय आणि केसांचे गडद भाग वाळल्यावर निस्तेज दिसतात. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळला की चमक येते, तीही सगळीकडे सारखी नाही.

रंग चारच: यलो ऑकर, कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट. उजेडातला गाल छान उतरतो. सावलीत मात्र काळ्यामुळे त्वचा राखाडी, आजारी दिसते. इथे बडोद्यात महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं बघा, सावलीतही त्वचा उबदार! मला नेमकं तेच हवंय.

घरात लहान बाळ आहे, त्यामुळे टर्पेंटाइन नको. हवा सध्या दमट. बारीक विणीच्या लिनन कॅनव्हासचा अख्खा रोल परवडणार नाही.

तर, जेसो लावलेला एमडीएफ बोर्ड या आकारात वाकतो का, पाठही सील करावी लागते का? आणि सावलीसाठी काळ्याऐवजी एकच ट्यूब घ्यायची तर बर्न्ट सिएना, ट्रान्सपरंट रेड ऑक्साइड की अलिझरिन?